भिवाजी सांबराचे चार आजार

बालमित्रांनो, आधी माफी मागतो. माझी शाळा सहावीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, भारी शब्द मला येत नाहीत. सांभाळून घ्या.

एका जंगलात दवाखाना होता. तिथे सीटी स्कॅनचं मशीन होतं आणि ते चालवायला धोंडू नावाचं खवल्या मांजर होतं. धोंडू फार लाजाळू. शाळेत गुरुजींनी प्रश्न विचारला की तो अंगाचा गोळा करायचा. गोळ्याला पास कोण करणार? शाळा सुटली. मशीन प्रश्न विचारत नाही, म्हणून नोकरी टिकली.

एकदा म्हातारा भिवाजी सांबर वारला. त्या जंगलाची रीत अशी, की सगळ्यांची शोकभाषणं संपेपर्यंत मयत हलवायचं नाही. भिवाजी दोन दिवस उन्हात पडून राहिला. मग मरण कशाने आलं ते बघायला त्याला मशीनमध्ये घातलं.

धोंडूने आजवर जिवंत जनावरंच तपासली होती. भिंतीवर धडधाकट हरणाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र होतं. त्याच्याशी ताडून त्याने अहवाल लिहिला : 'रक्त तळाशी बसलं आहे. मोठी धमनी आकसली आहे. तिची भिंत जास्त पांढरी दिसते. वाहिन्यांत हवेचे बुडबुडे आहेत. एकूण आजार चार.'

"चार?" अस्वलमहाराज म्हणाले. "पोरगं हुशार आहे."

धोंडूचे खवले सुखाने उभे राहिले. त्याला हुशार म्हणणारे हे पहिलेच.

कोल्हा प्रधान म्हणाला, "पण हवा आत गेली कशी? शेवटची सुई कुणी टोचली?"

टोचली होती नर्स सुलूबाई मुंगसिणीने. तिला दुसऱ्या दिवशी दुपारी जंगलाबाहेर हाकलायचं ठरलं. तिची तीन पिल्लं बिळात होती.

"धोंडू, तू तरी सांग रे," ती म्हणाली. "मी औषध दिलं. हवा कशाला भरू? सांबर होतं ते, सायकल नव्हे."

धोंडूने अंगाचा गोळा केला.

संध्याकाळी मात्र तो मशीनने काढलेली चित्रं घेऊन गिधाडआजोबांकडे गेला. मेलेल्यांचा त्यांच्याइतका अभ्यास कुणाचाच नव्हता.

"गाढवा," आजोबा म्हणाले.

"मी खवल्या मांजर आहे, आजोबा."

"आज नाहीस. अरे, रक्त फिरायचं थांबलं की डबक्यातल्या गाळासारखं खाली बसतं. आतून रेटा नसला की धमनी आकसते, भिंत ठळक दिसते. सुई कुठे टोचली होती?"

"पुढच्या पायाला."

"आणि बुडबुडे?"

"जास्त पोटाकडे."

"मग? पोट सडायला लागलं की वायू धरतो. दोन दिवस उन्हात आणखी काय होणार? म्हातारपणाने गेला तो. तुझ्या त्या चारांना मिळून एकच नाव आहे. भिवाजी मेला होता."

"हे तुम्हीच दरबारात सांगा ना."

"अहवाल कुणी लिहिला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडू दरबारात गेला, सवयीने गोळा झाला आणि गोळ्याच्या आतूनच बोलला. "महाराज, मी चुकलो. मेल्यावर सगळे आतून असेच दिसतात. सुलूबाईंनी हवा भरली नाही. भाषणं चालली होती, तेवढ्या वेळात पोट सडून ती आतच तयार झाली."

"सगळ्यात लांब भाषण कुणाचं होतं?" महाराजांनी विचारलं.

प्रधान जमिनीकडे बघू लागला. मग महाराजांना स्वतःचंच आठवलं.

सुलूबाई सुटली. ती थेट बिळाकडे पळाली. महाराजांनी फर्मान काढलं, "भाषणं कमी होणार नाहीत. यापुढे शोकसभा मरणाआधीच उरकावी."

त्यानंतरच्या सकाळी दामाजी रानडुकराला खोकला झाला. मंडळींनी शोकसभा उरकून त्याला मशीनवर आणून ठेवलं. धोंडूने बटण दाबलं नाही. आधी वाकून विचारलं, "काका, जिवंत आहात ना?"

"आहे रे. तीन भाषणं ऐकूनसुद्धा."

मग धोंडूने अहवालाची पहिली ओळ लिहिली : 'पेशंट जिवंत आहे, असं तो स्वतः म्हणतो.'

तात्पर्य : शाळा अर्धवट सुटल्याने फार नुकसान होत नाही, एकाचे चार आजार होतात एवढंच. मात्र मरताना आसपास चांगले वक्ते नसावेत.