गाडीचं तेवढं तुमच्याकडे

सरांच्या तोंडात कापसाचे बोळे, लाळ ओढणारी नळी आणि साडूची दोन बोटं होती, तेव्हा युरोपच्या सहलीची कामं वाटली गेली.

सर म्हणजे शाळेचे उपमुख्याध्यापक. अख्ख्या शाळेचं वेळापत्रक ते एकहाती बसवत, म्हणून मुलं त्यांना पाठीमागे 'घड्याळ' म्हणत. हे सरांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. साडू दातांचे डॉक्टर. दोन्ही जोडप्यांनी मिळून तीन देश करायचे ठरले होते. मोठी शहरं रेल्वेनं, आणि शेवटी डोंगरात भाड्याची मोटार घेऊन.

डोंगराचा हट्ट थोरलीचा, म्हणजे सरांच्या बायकोचा. ती सरकारी दवाखान्यात हेड सिस्टर. "सिस्टर, ओ सिस्टर" ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. "मला तुमचे राजवाडे नकोत नि संग्रहालयं नकोत," तिनं सांगून टाकलं होतं. "डोंगरातल्या त्या तळ्याकाठी मला दोन दिवस गप्प बसू द्या. कुणी हाक मारायची नाही. तुम्हीसुद्धा नाही." एवढं एक जमलं नाही तर पुन्हा तुमच्याबरोबर गावाची वेसदेखील ओलांडणार नाही, असंही तिनं बजावलं होतं. ती नुसती धमकी देणाऱ्यांतली नव्हती.

"रेल्वेची तिकिटं नि हॉटेलं मी बघतो," डॉक्टरांनी दाढ कोरायचं यंत्र चालू करत म्हटलं. मग यंत्र क्षणभर थांबवून ते म्हणाले, "गाडीचं तेवढं तुमच्याकडे. चालेल ना?"

घरघरीत सरांना पहिलं वाक्य ऐकूच आलं नाही. दुसरं आलं. "आँ," ते म्हणाले. खरं तर दाढ ठणकली होती, पण डॉक्टरांनी तो होकार समजला.

आता डॉक्टरांच्या घरात गाडी म्हणजे मोटार. लोक चपला बदलतात तशा ते मोटारी बदलत. सरांनी जन्मभर स्कूटर चालवली. त्यांच्या लेखी गाडी म्हणजे जी फलाटावरून सुटते ती. मोटारीला ते मोटारच म्हणत, तेही जरा नाक मुरडून. मोटारीचं अर्थातच डॉक्टर बघणार, हौस त्यांनाच, असं त्यांनी गृहीत धरलं आणि सुजलेल्या गालानिशी घरी जाऊन तिन्ही देशांतल्या गाड्या अभ्यासायला घेतल्या. शाळेत त्या आठवड्यात सातवीला सलग दोन तास चित्रकला आली, पण युरोपातली एकही जोडगाडी सरांच्या हातून निसटली नाही.

अधूनमधून डॉक्टरांचा फोन यायचा.

"सर, गाडीचं झालं?"

"केव्हाच!"

"ऑटोमॅटिक आहे ना?"

सरांनी तिकडच्या गाड्यांची सगळी माहिती वाचून काढली होती. "सगळं ऑटोमॅटिक. दारंसुद्धा आपोआप उघडतात."

"दारंसुद्धा? सर, तुम्ही तर कमालच केलीत! आणि चालवायचं कसं? मीच बसतो पुढे."

सरांना हसू फुटलं. डॉक्टर विनोद छान करतात. "छे हो, त्यांचा माणूस असतो. आपण आरामात मागे बसायचं."

ड्रायव्हरसकट गाडी म्हटल्यावर डॉक्टरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. परदेशात चालवायच्या परवान्याची कटकट त्यांनी सोडून दिली. आधी ठरवलेलं स्टेशनाजवळचं साधंसं हॉटेल रद्द केलं आणि तळ्याच्या वरच्या अंगाला, जिथे रेल्वेच काय पण एसटीएवढी बसही चढत नाही, असं एक झोकदार हॉटेल घेतलं. बॅगाही नव्या आल्या, प्रत्येकी एक कपाट मावेल एवढ्या.

"सर, गाडी हॉटेलपाशी किती वेळ थांबेल?" डॉक्टरांनी पुढच्या फोनवर विचारलं.

"हॉटेलपाशी नाही, स्टेशनात. दोन मिनिटं."

"दोनच? आमच्या हिला आवरायलाच तास लागतो. जरा थांब म्हणून सांगा की त्याला."

"तो कुणासाठी थांबत नाही, डॉक्टर. तिकडे शिस्त आहे."

"फारच माजोरडा दिसतोय," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. स्टेशनात गाडी येणार म्हणजे आपल्याला रेल्वेतून उतरवून घ्यायलाच, असा त्यांनी सोयीस्कर अर्थ लावला.

निघायच्या आदल्या रविवारी चौघं दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जमली. पेशंट कुणी नव्हतं. भिंतीवरच्या चित्रातली किडलेली दाढ सगळ्यांकडे बघत होती. डॉक्टरांनी रेल्वेची तिकिटं टेबलावर मांडली. सरांनीही रेल्वेची तिकिटं मांडली. त्याच गाड्या, तीच माणसं, फक्त सरांनी खिडक्या धरल्या होत्या.

"ही कशाला काढलीत?" डॉक्टर म्हणाले. "बरं, ते असू दे. डिक्कीत चार मोठ्या बॅगा बसतील ना?"

"कुठल्या डिक्कीत?"

"गाडीच्या!"

"गाडीला डिक्की कशी असेल?"

मग दोघेही एकदमच बोलू लागले. तुम्ही 'हो' म्हणालात, मी 'आँ' म्हणालो, माणूस तोंड वासून पडलेला असताना कामं वाटतात का, आणि आपोआप दारं उघडणारी मोटार तुम्ही जन्मात पाहिली होती का, इथपर्यंत मजल गेली. डॉक्टरांनी तिथल्या तिथे फोन फिरवले. ऐन हंगामात डोंगरात मोटार शिल्लक नव्हती. असती तरी चालवायला परवाना नव्हता.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. वेळापत्रक चुकलं म्हणून नाही, तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर थोरली शांत बसली होती म्हणून. तिचं तळं गेलं होतं, आणि ते आपण घालवलं होतं. तिची धाकटी बहीण, डॉक्टरांची बायको, मान खाली घालून बसली होती, तिचे खांदे हलत होते. रडतेय बिचारी, सरांना वाटलं. पण ती हसत होती.

"झालं भांडून?" थोरली म्हणाली. "मोटार आहे. मी ठरवलीय."

"तू? कधी?"

"तुम्ही गाल धरून घरी आलात नि म्हणालात, गाडीचं माझ्याकडे आलंय, त्याच दिवशी. मोटारीला गाडी म्हणताना मी तुम्हाला कधी ऐकलं नाही. आणि हिच्या घरात रेल्वेला गाडी कुणी म्हणत नाही."

"पण चालवणार कोण?"

"लसींची व्हॅन वस्त्यावस्त्यांवर कोण नेतं? तिकडे चालवायचा परवानाही काढलाय," ती म्हणाली. इतकी वर्षं ती सांगत होती, आज व्हॅन घेऊन अमुक टेकडीवर गेले, तमुक चढावर अडकले. ते त्यांनी दवाखान्याचं काम म्हणून ऐकलं होतं. मोटार चालवणं म्हणून कधी ऐकलंच नव्हतं.

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दोघांनी बसून दुरुस्ती केली असती. मग तळ्यावर चौघं आलो असतो." तिनं पर्स उचलली. "मोटार लहान आहे. मी आणि ही, बस्स. तुम्ही ते दोन दिवस खाली शहरात राहा. तिकिटं दुप्पट आहेत, ऐसपैस बसा."

"पण भावजी, तुमची गाडी चुकवू नका हं," धाकटी म्हणाली. "आमची काही चुकत नाही. आम्ही दोघी बसल्याशिवाय ती सुटतच नाही."

दोघी हसत जिना उतरल्या.

"सर," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "दोन दिवस आपण दोघांनी तिथे करायचं तरी काय?"

सरांनी क्षणभर विचार केला. "गाड्या बघू."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. "वा! हे बेस्ट," ते म्हणाले. कुठल्या, हे त्यांनी याही वेळी विचारलं नाही.