रांगेतला पहिला माणूस

इंग्लंडातल्या आमच्या नेदर थॉर्लबी गावची बस मी एकटीने वाचवणार होते! एकटीने म्हणजे, ग्रामसभेच्या बस समितीची अध्यक्ष म्हणून. समितीत मी आणि शेजारची मर्टल, आणि मर्टल बैठकीत झोपते.

गाव वाढतंय म्हणे! बार्लीच्या शेतात दोनशे ऐंशी घरं उठली, प्रत्येकात दोन-दोन न्हाणीघरं. दवाखाना? येतोय. दुकान? तेही येतंय. होती ती एक बस, लेस्टर शहराला जाणारी, आणि तीच बंद करायला निघाले! मर्टल एक्क्याऐंशीची. तिचा नवरा सिरिल शहरातल्या वृद्धाश्रमात असतो. दर बुधवारी ती बसने त्याला भेटायला जाते. बुधवार चुकला की बिचारा दिवसभर दाराकडे बघत बसतो.

बस कंपनीने कळवलं, बुधवारी दहाच्या बसला माणूस पाठवून प्रवासी मोजू. मी पेटलेच! दारोदार फिरले, केक वाटले, नव्या घरांतल्या जसविंदरला आणि तिच्या भिशीच्या बायकांनाही तयार केलं. बुधवारी पावणेदहाला त्रेचाळीस माणसं थांब्यावर हजर!

मोजणारे टॉमलिन्सनसाहेब आमच्याआधीच वही घेऊन खांबाखाली उभे होते. त्यांच्यामागे आम्ही रांग लावली. काय ती रांग! पट्टीने आखल्यासारखी!

आता, हात दाखवल्याशिवाय आमची बस थांबत नाही. आणि हात दाखवायचा तो रांगेतल्या पहिल्याने. एरवी मर्टल दाखवते. आज पहिले साहेब!

बस वळणावर दिसली.

“मर्टल, हात कर!” मी कुजबुजले.

“मी कशी करू? नंबर त्यांचा आहे.”

“अगं, ते चढणारच नाहीयेत!”

“म्हणून काय मध्ये घुसायचं? बरं दिसतं का ते?”

मी घसा खाकरला. “माफ करा हं साहेब, तुम्हाला त्रास होणार नसेल तर जरा हात...”

“छे, छे! मी फक्त मोजणार. ढवळाढवळ करायची नाही, असा नियमच आहे.”

“अहो, करा ना कुणीतरी हात!” मागून जसविंदर ओरडली आणि तिने स्वतःच हात उचलला. पुढच्या चाळीस जणांनी वळून तिच्याकडे असं पाहिलं, की तिने त्याच हाताने केस सारखे केले.

बस हळू झाली. ड्रायव्हरने ‘काय?’ अशी खूण केली. आम्ही सगळ्यांनी हसून, अदबीने मान तुकवली. गेली की हो बस!

साहेबांनी लिहिलं, प्रवासी शून्य.

“पुढची बस एक वाजता,” मर्टल हळूच म्हणाली. “सिरिल वाट बघत असेल गं.”

मग मात्र गाव विरघळलं. जो तो घरी पळाला, गाड्या निघाल्या, पंधरा मिनिटांत अख्खी रांग लेस्टरच्या वाटेला! मर्टलला आणि मला तर साहेबांनीच स्वतःच्या गाडीतून सोडलं. एवढं केल्यावर आभार नको मानायला? त्याच संध्याकाळी मी त्यांना छानसं कार्ड पाठवलं: ‘गाडीवाले शेजारी आणि आपल्यासारखे सज्जन असताना आमच्या गावात कुणाचं अडत नाही.’

तीन आठवड्यांनी पत्र आलं. बस बंद! सोबत पुरावा म्हणून एकच कागद जोडलेला. माझं कार्ड!

मर्टलने भिंग लावून ते दोनदा वाचलं. “अक्षर छान आलंय हो,” ती म्हणाली. मग भिंग खाली ठेवलं. “पण दर बुधवारी मला नेणार कोण?”

आता काय तोंड दाखवणार? एकाहत्तराव्या वर्षी मी गाडी शिकायला नाव घातलंय. काल पहिल्यांदाच चौकात गाडी आणली. समोरच्याला म्हटलं, आधी तुम्ही. तो म्हणाला, छे, आधी तुम्ही. वीस मिनिटांनी आमचे मास्तर उतरले आणि चालत घरी गेले.