कुणाला चांगलं न म्हणणारी धोंडी

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी नातीला आंघोळ घातली. म्हणजे घातली धोंडीनं, मी नुसतं पाणी ओतलं. धोंडी माझी बायको. न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसायची, नडग्यांवर पोरीला पालथी घालायची, आणि मी तांब्या घेऊन बाजूला उभा. पाणी कसं आहे ते कोपर बुडवून बघायची. त्या दिवशी कोपर बुडवलं नि माझ्याकडं बघितलं.

"अवो दगड, पोर न्हानायचीय. कोंबडी नाय सोलायची."

मी गार पाणी घातलं. मग पोरीच्या पाठीवरून हात फिरवत तिचं रोजचं सुरू झालं.

"बगा हिचं रूप! नाक म्हनजे कांदाभजी. कान सुपायवढं. कोन करनार गो हिला? शेणी मेली!"

आमच्याकडं गोवरीला शेणी म्हणतात. नात आठ महिन्यांची. कागदावर तिचं नाव आर्या, पण धोंडीच्या तोंडात पहिल्या दिवसापासून शेणी. आणि ती शेणी आजीच्या शिव्या ऐकून अशी हसायची की पाणी नाकात जायचं.

इतक्या वर्षांत धोंडीनं जित्या माणसाला चांगलं म्हटलं नाय. पोलादपूरच्या वर डोंगराच्या कुशीत आमची वाडी. वाडीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हाली. कुणाचं बाळंतपण झालं की धोंडीला बोलावणं ठरलेलं. एकाला बेडूक म्हणाली, एकाला घूस, एकाला फुटकं मडकं. ती पोरं आता मिशा फुटून मुंबईला कामाला लागलीत. गणपतीला आली की पाया पडतात, आणि ही म्हणते, "काय रे घुशी, अजून तसाच दिसतोस."

एकदा एका बाळंतिणीच्या घरी धोंडीचं डोकं दुखत होतं, म्हणून मुकाट्यानं न्हाऊ घालून घरी आली. दुपारी ती बाळंतीण पोराला कडेवर घेऊन आमच्या दारात. रडायचीच बाकी होती.

"काकी, माझ्या पोराला आज तू कायच बोलली नाय. त्याचं काय दुखतंय का?"

धोंडीनं पोराकडं बघितलं. "कपाळ बग त्याचं, उखळावानी," म्हणाली. बाई हसत घरी गेली.

धोंडीच्या आईची दोन पोरं हिच्याआधी गेलेली. म्हणून हिचं नाव धोंडी. धोंड्याला कुणाची नजर लागत नाय, असा हिशेब. लग्नात बायकोचं नाव बदलायचं म्हणून मी सुमन ठरवलं होतं. भटजीनं ताटातल्या तांदळात ते लिहिलंसुद्धा. सगळ्या मांडवादेखत हिनं हात फिरवून तांदूळ सपाट केले. "ह्या नावावर मी जगलीय. दुसरं नको," म्हणाली. माझी मावशी बोलली, पोरगी आगाऊ आहे. खरंच होतं ते.

मुलगा झाला तेव्हा त्याला केराच्या ढिगावर ठेवला, सुपात घालून परत उचलला आणि नाव ठेवलं केरू. केरू डोंबिवलीला राहतो. हापिसात तो केदार आहे. सरकारात अर्ज देऊन त्यानं नाव बदलून घेतलं, तो कागद आईला दाखवायला आणला. तिनं तो उलटासुलटा बघितला. "लिवा काय लिवायचं ते. मला केरूच बोलायचंय," म्हणाली, नि त्याच्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

सून स्नेहल. तिला आई नाय, म्हणून बाळंतपणाला आमच्याकडं आली. कामावरची सुट्टी वाढवून घेतली, पोरीचं वर्ष इथंच काढू म्हणाली. शिकलेली मुलगी, मनानं चांगली, पण पोर रडलं की आधी मोबाईल बघणार. त्यात लिहिलेलं असायचं, ह्या महिन्यात बाळ पालथं पडतं, ह्या महिन्यात बसतं, ह्या महिन्यात रांगतं. आमची शेणी काय रांगेना. बूड घासत घरभर फिरायची. स्नेहलचा जीव अर्धा झाला.

"आई, डॉक्टरांना दाखवूया का महाडला?"

"दाकव. पन डाक्टर बोलंल तेच मी बोलते. बूड घासत गेली तरी चुलीपर्यंत पोचते नव्हं?"

डॉक्टर तेच बोलले. पोर रांगेल नायतर थेट उभी राहील, काळजी नको. येताना स्नेहल एसटीत हसत होती म्हणे.

केरूनं मुंबईहून आंघोळीचा टब आणला. गुलाबी, त्यावर बदकं. धोंडीनं त्यात पेंढा घातला आणि खुडूक कोंबडी बसवली. पिल्लं चांगली निघाली. केरूला ते दाखवलंसुद्धा.

भांडण म्हणाल तर एकाच गोष्टीवरून. स्नेहल म्हणायची, "आई, बाळाशी चांगलं बोलावं. त्यांना सगळं कळतं. शेणी, काळुंद्री, असं ऐकून तिच्या मनावर परिणाम होईल." धोंडी ऐकून घ्यायची आणि पोरीला म्हणायची, "ऐकलंस काय गो काळुंद्रे? तुज्या मनावर परिनाम व्हनार हाय."

उष्टावणाच्या दिवशी तर झालंच. पोरीला नवं झबलं, कपाळाला चंद्रकोर. शेजारीण म्हणाली, "अगबाई, भावलीच गो!" धोंडी उठली, तव्याखालची काजळी बोटावर घेतली आणि पोरीच्या दोन्ही गालांना फासली. फोटो सगळे तसलेच आले. स्नेहल आतल्या खोलीत जाऊन रडली. मी धोंडीला म्हटलं, "काय हे? सुनेला शिकवलंय बापानं, तिला वाईट वाटतं." ती म्हणाली, "वाईट वाटू दे. वाटून जातं." आणि भांडी घासायला गेली.

दुपारी पोरीला झोळीत घालायची. आढ्याला बांधलेली जुन्या लुगड्याची झोळी. तिची दोरी धोंडी पायाच्या अंगठ्याला बांधायची. हातानं तांदूळ निवडायचे, अंगठ्यानं झोका द्यायचा. डोळा लागला तरी अंगठा हलायचा. मी म्हणायचो, तू झोपतेस पण तुझा पाय जागा असतो.

आंघोळ घातली त्याच दिवशी दुपारी मी अंगणात कुंपणाच्या काठ्या तासत होतो. आत पोरगी रडायला लागली. धोंडी असताना ती पोर रडायची नाय. आधी कुरकुर व्हायची आणि झोका वाढायचा. रडं वाढलं तसा मी कोयता टाकून आत गेलो. धोंडी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप, तांदूळ सांडलेले. झोळी थांबली होती. अंगठ्याला दोरी तशीच होती.

मी आधी दोरी सोडली. मग स्नेहलला हाक मारली.

केरू दिवेलागणीच्या आत पोचला. नदीकाठी सगळं झालं. जास्त काय सांगायचं नाय त्याबद्दल. लाकडं कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून वाडीतल्या बायका आल्या. कुणी चहा आणला, कुणी पिठलं. आणि पोरगी रडतेय. कालपासून धड दूध प्यायली नव्हती. स्नेहल फिरवून फिरवून थकली होती, डोळे सुजलेले. एकीनं घेतलं, दुसरीनं घेतलं. "सोन्या, राजा, किती गोड गो बाय माझी, आजीवर गेलीय, रंग किती उजळला..." प्रत्येकीच्या तोंडी तेच. माणसं चांगली, चांगल्या मनानंच बोलत होती.

मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाय. नजर नाय, दृष्ट नाय, ताप म्हणजे ताप. धोंडीला तोंडावर सांगत आलो. पण "रंग उजळला" ऐकलं आणि मला बसवेना. मी उठलो, त्या बाईच्या हातातून पोर घेतली.

"कसला उजळलाय? तव्याच्या बुडावानी हाय," म्हटलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं बायकांना वाटलं असेल. वाटू दे.

स्नेहलला म्हटलं, "पाणी तापव. आंघोळ घालायची."

शेजारीण म्हणाली, "भावजी, सुतक हाय. तेल लावायचं नाय अंगाला."

"सुतक मला. दात नाय आले त्या पोरीला, तिला कसलं सुतक?"

न्हाणीत पाटावर बसलो, धोतर वर खोचलं, पाय लांब केले. गुडघे माझे वाकत नायत नीट, पण लांब होतात. पोरीला पालथी घातली. खोबरेल घेतलं. इतकी वर्षं बाजूला उभं राहून बघितलेलं, पण हाताला ते माहीत नव्हतं. पोर घसरत होती, रडत होती. तांब्या घेऊन स्नेहल माझ्या जागेवर उभी.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "आई असं का बोलायच्या तिला?"

घरात हा विषय काढायचा नाय असं धोंडीनं मला सांगितलेलं होतं. पण आता सांगितलं.

केरूच्या आधी आम्हाला मुलगी होती. पहिली. धोंडी तेव्हा वेगळी होती. दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, बघा माझी चांदणी, बघा डोळे. वर्ष पुरं व्हायला आलं होतं, धरून धरून उभी राहायची. पावसात ताप आला. महाडला न्यायची तर वाटेतल्या व्हाळाला पूर, तेव्हा पूल नव्हता. पाणी उतरेपर्यंत राहिली नाय. मी म्हणालो ताप. धोंडी म्हणाली, मी फार चांगलं बोलले तिला. त्यानंतर कुणालाच बोलली नाय.

"मलासुद्धा नाय," मी म्हटलं. "लग्नापासून माझं नाव घ्यायची नाय, पण दगड म्हणायला लागली ती त्यानंतर."

पोर रडतच होती. मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि बोलायचा प्रयत्न केला, "नाक बघा हिचं..." पुढं शब्द येईना.

स्नेहल खाली बसली. बाही वर करून कोपर पाण्यात बुडवलं, थोडं गार घातलं. मग पोरीच्या डोक्यावर हाताचा आडोसा धरून तांब्या तिरका केला.

"कांदाभजी," ती म्हणाली. "कांदाभजी नाक. कोण करणार गो हिला, शेणीला?"

पोरीनं मान उचलून आईकडं बघितलं. रडं थांबलं, नुसते हुंदके राहिले. मी तिचे पाय चोळत राहिलो, आणि तांब्यातलं पाणी संपलं तसं म्हटलं, "अजून ओत. कान राहिले, सुपायवढे."