पुढच्या बाकाचा संदर्भ

ज्ञान वाचल्याने वाढते, असा एक गैरसमज आहे. ते संदर्भ दिल्याने वाढते. प्रबंधाचा संदर्भ देण्याची पद्धत सोपी आहे: आधी आडनाव, मग कंसात वर्ष, मग तिरप्या अक्षरांत शीर्षक, पुढे 'अप्रकाशित प्रबंध' आणि शेवटी विद्यापीठ. प्रबंध उघडण्याचा उल्लेख या पद्धतीत कुठेही नाही. (म्हणूनच ती सर्वमान्य आहे.)

हे ठाऊक असूनही एका प्राध्यापक बाईंना दुर्बुद्धी सुचली. नोकरी कायम व्हायची तर पीएच.डी. हवी होती. सासूबाईंनी तर "आमची सून डॉक्टर झाली" असं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. (शेजारचे काका गुडघा दाखवून गेले होते.) प्रबंध तयार होता. फक्त मार्गदर्शक सरांच्या स्वतःच्या प्रबंधातला एक पान क्रमांक तपासायचा होता. 'पुढच्या बाकावरची मुले अधिक हुशार असतात' हा सरांचा गाजलेला निष्कर्ष. त्यांचे सगळे विद्यार्थी तो एकमेकांच्या प्रबंधांतून भक्तिभावाने उतरवत आले होते. बाईंनी ग्रंथालयात जाऊन धूळ झटकली आणि शेवटचं प्रकरण उघडलं. तिथे सरांनी स्वच्छ लिहिलं होतं: बाकाचा आणि हुशारीचा काहीही संबंध आढळला नाही.

बाई तडक सरांकडे गेल्या.

"सर, यात तर उलटंच आहे हो!"

"अहो, तुम्ही उघडलात तो?" सर दुखावले.

"पान क्रमांकासाठी…"

"सगळे एकशे बारा लिहितात. ते काय वेडे आहेत?" मग सर समजुतीने म्हणाले, "खरं लिहायचं तर जरूर लिहा. सगळी प्रकरणं नव्याने करावी लागतील, एवढंच. घाई नाही ना तुम्हाला?"

बाईंना घाई होती. त्यांनी एकशे बारा लिहिलं.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी डोळ्यांत तेल घालून संदर्भसूची तपासली आणि एक स्वल्पविराम राहिल्याचं पकडलं. बाईंनी तो तिथल्या तिथे पेनाने दिला. टाळ्या पडल्या, ज्ञानात भर पडली, सासूबाई खऱ्या ठरल्या. अभिनंदन घेताना बाईंना मात्र लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. नोकरी कायम झाल्यावर ती लाज गेली.

तुम्ही हसताय? हसा. पण परवा शाळेत जाऊन "आमच्या बाळाला पुढेच बसवा, संशोधनच सांगतं तसं" म्हणून वर्गशिक्षिकेशी कोण भांडलं होतं? नुसतं वर्ष आणि पान सांगितलंत तरी चालेल. वाचलं होतं का, असं सभ्य माणसं विचारत नाहीत.