साबण लावलेला गज

सॅमसनकाका व्हायोलिनच्या गजाला साबण लावायचे. व्हायोलिन वाजवणारे सगळे गजाला राळ लावतात, कारण राळ असली तरच तार बोलते. साबण लावला की गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज म्हणून निघत नाही. काकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. तरी मैफलीआधी ते कोपऱ्यात पाठ करून उभे राहायचे आणि दाढी करावी इतकं मन लावून गजावर साबणाची वडी फिरवायचे.

भारतातून इस्राएलला आलेले आम्ही ज्यू, बेर्शेबात एकाच बिल्डिंगमध्ये शेजारी आणि गावच्या हौशी वाद्यवृंदातही शेजारी. दुसऱ्या, म्हणजे साथीच्या, व्हायोलिनांच्या अगदी मागच्या दोन खुर्च्या आमच्या. पूर्वी वाद्यवृंदात शिक्षक, नर्सा, फॅक्टरीतले फोरमन असे आम्हीच सगळे होतो आणि सीझनच्या चारही मैफली साधारण सारख्याच बेसूर व्हायच्या. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग नव्वदच्या सुमारास रशियातून माणसं आली. दिवसा रस्ते झाडायची आणि संध्याकाळी असं वाजवायची की आपलं व्हायोलिन विकून टाकावंसं वाटे. त्यांच्यातलाच बोरिस कंडक्टर झाला. पण नगरपालिका हॉल फुकट द्यायची ती जुने रहिवासी वाजवतात म्हणून. तेव्हा बोरिसने तोड काढली. "सॅमसन, तुम्ही बसा, गजही हलवा. फक्त त्याला साबण लावा. बेसेदेर?" म्हणजे ठीक आहे ना? माणूस हवा होता, त्याचं वाजवणं नको होतं. मला साबण सांगितला नाही, कारण मी मुळातच इतकं हळू वाजवतो की तेवढ्यावर भागलं.

मी असतो तर व्हायोलिन बोरिसच्या डोक्यात घातलं असतं. काका म्हणाले, "बेसेदेर."

थाट मात्र कायम. मुंबईत शिवलेला काळा सूट, त्याला डांबरगोळ्यांचा वास, आणि मैफलीआधी अर्धा तास तारा लावणं. जे वाजणारच नाही ते इतकं सुरात लावलेलं मी दुसरं पाहिलं नाही. वर मलाच दटावायचे, "अरे बाबा, सिन्सियरली वाजव. लोक ऐकतात."

"सोडून का देत नाही तुम्ही?" मी एकदा चिडून विचारलं.

"आणि सिपोराला काय बोलू? घरी बसवला मला?"

सिपोराकाकू त्यांची बायको. चारही मैफलींना ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत. सीझन सुरू होताना एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायच्या, पोहे, गूळ, भरपूर नारळ, आणि ताट तालमीला पाठवायच्या. बोरिस दोनदा घ्यायचा. त्याच्या घशाखाली तो कसा उतरायचा, देव जाणे.

मैफलीनंतर बसमध्ये काकू दरवेळी म्हणायच्या, "तुमचं मला सगळ्यांत वेगळं ऐकू आलं. मधे ती हळू जागा होती ना, तिथे तर काय गोड!" त्या हळू जागेला दुसऱ्या व्हायोलिनांना वाजवायलाच काही नसायचं. आम्ही दोघे हात मांडीवर ठेवून बसलेले असायचो. काका माझ्याकडे डोळे वटारून बघायचे आणि तिला म्हणायचे, "फर्स्ट क्लास!"

एका वर्षी शेवटच्या मैफलीआधी काकू वारल्या. आमच्यात दुःखात महिनाभर गाणंबजावणं वर्ज्य. ते पाळून काका आले तो दिवस मैफलीचाच. बोरिस स्वतः पुढे आला. हातात त्याचा स्वतःचा गज, राळ लावलेला. "सॅमसन, आज खरं वाजवा." डोळ्यांत पाणीबिणी होतं त्याच्या. ते बघून मला अधिकच संताप आला.

काकांनी गज हातात घेतला, अंगठ्याने राळ चाचपली आणि परत दिला. "ती होती तेव्हा द्यायचा होता," ते हिब्रूत म्हणाले. मग कोपऱ्यात जाऊन साबण लावून आले.

अख्खी मैफल त्यांनी एकदाही न चुकता गज हलवला. पहिल्या रांगेत काकूंच्या खुर्चीवर कुणीतरी आपली पिशवी ठेवली होती.

परतताना बसमध्ये मला राहवलं नाही. "काका, आज तुमचं वेगळं ऐकू आलं."



"ती पण असंच बोलायची," ते म्हणाले. "अरे बाबा, घरी रोज ऐकायची माझं. हॉलमध्ये ते वाजतच नाही, हे तिला कळत नव्हतं? आणि तिला कळतंय, हे मला कळत नव्हतं?" माझा हात त्यांनी घट्ट धरला. भर बसमध्ये रडत होते. "पण काय फर्स्ट क्लास खोटं बोलायची रे!"