मानलेलं पोर्ट

रंगनाथअण्णांना कुणी वेळ विचारली, की ते उलट विचारतात, "कुणाची?"

आमच्या जालन्याच्या टेलिफोन कचेरीत अण्णांकडे एकच काम. जिल्ह्यातल्या टॉवरांची घड्याळं एकमेकांशी जुळवून ठेवायची. आणि या माणसाच्या स्वतःच्या मनगटावर घड्याळ नाही. "मनगटावर असती ती अफवा," म्हणतात. सेकंदाचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातल्या एक-दीड तुकड्याहून जास्त चूक त्यांना खपत नाही. मी एकदा जेवायला पाच मिनिटं उशिरा गेलो. डबा उघडता उघडता म्हणाले, "तीस कोटी तुकडे वाया घालवले तू."

माझ्या लग्नात सगळ्यांच्या अक्षता पडल्या, तरी अण्णा मूठ आवळून उभे. चाळीस सेकंदांनी एकट्यानं टाकल्या. "भटजीचं घड्याळ बिलकुल बराबर न्हाई."

गेल्या उन्हाळ्यात हसनाबादच्या एक आशाताई कचेरीत आल्या. "अडलेल्या बाईला गाडीत घातलं, की डॉक्टरांचा फोन वाटेत तुटतो. मंग मी इचारायचं कुणाला?"

अण्णा त्याच दिवशी मला घेऊन हसनाबादला निघाले. धावत्या गाडीतलं बोलणं एका टॉवरनं दुसऱ्याच्या हाती द्यायचं असतं. दोघांची वेळ जुळली नाही की बोलणं मधेच गळतं. तिथं तेच झालं होतं. रस्त्याच्या कामात केबल तुटली होती, आणि जालन्याहून जाणारी वेळ लांबच्या वळशानं, चुकत-माकत पोहोचत होती.

"पण अण्णा, छतावर उपग्रहाची वेळ घेणारा अँटेना आहे की!"

"हाय. पण त्याची वायर टॉवरच्या या यंत्राच्या डब्यात मागून आल्ती. डबा फक्त पोर्टातून, म्हंजी पुढच्या खाचांतून, आलेल्या घड्याळांची तुलना करतो अन् चांगलं निवडतो. सोयरीक जमवायला सगळे बैठकीत बसले अन् खरं स्थळ मागच्या दारी उभं, असं होऊन राह्यलंय."

वरच्या कचेरीतले साहेब फोनवर म्हणाले, त्या वायरीसाठी पोर्टाचं नवं कार्ड मागवू, दोन महिने लागतील. अण्णांनी पिशवीतून त्या डब्याचं जाडजूड पुस्तक काढलं. शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलेलं, पानोपानी पेन्सिलीच्या खुणा.

"साहेब, कार्ड नको. याच्यात व्हर्च्युअल पोर्ट करता येतं."

"अहो, त्या वायरीला पोर्टच नाही."

"न्हाईच. म्हणून तर मानायचं. मानलेला मामा असतो न्हाई का? तसं मानलेलं पोर्ट. मंग ते घड्याळ बी रांगेत बसंल, अन् डबा त्याला बी इचारंल."

दोन दिवस वाद चालला. शेवटी साहेब थकले. अण्णांनी एकेक ओळ बोटानं वाचत टाइप केली. डब्यानं सगळी घड्याळं तपासली आणि उपग्रहाचं निवडलं. पडद्यावर वेळेतली चूक दाखवणारा आकडा झरझर उतरला. मी तर नुसता शेजारी उभा होतो, तरी छाती माझीच फुगली! आज ती पद्धत दुसऱ्या जिल्ह्यांतही वापरतात, आणि कागदावर वर 'जालना' लिहिलेलं असतं. आशाताई आता गाडीतून डॉक्टरांशी बोलत बोलत जातात.

त्या दिवशी मात्र परीक्षा बाकी होती. हसनाबाद ते भोकरदन, एकच फोन, सलग चालू ठेवायचा. मी गाडी चालवायला बसलो. अण्णांनी मोबाइल उघडला आणि ते नावं सरकवत राहिले. अंबड रूम. बॅटरीवाला. जनरेटर. परतूर रूम. सगळी कामाची नावं; इतका वेळ बोलावं असं त्यात कुणी नव्हतं.

मग त्यांनी एक नंबर न बघता दाबला आणि स्पीकर लावला.

"अक्का, मी रंगनाथ."

पलीकडे काहीतरी खणकन पडलं. मला वाटलं, फोन तुटला. तुटला नव्हता.

"रंगा? इतक्या वर्षांनी? बरा हाईस ना?"

"बरा हाय. फोन तपासून राह्यलो. तू नुसतं बोलत राह्य."

"काय बोलू?"

"काय बी."

अंतरवाली सराटीहून अक्का, अण्णांची थोरली बहीण, बोलू लागली. कापूस, गुडघे, नातू चालायला लागला ते. "तुला सांगणार व्हते," असं ती दर दोन वाक्यांनी म्हणायची. अण्णा नुसतं "हं" म्हणत होते. एक टॉवर गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. भोकरदन आलं. मी गाडी कडेला घेतली आणि हळूच म्हणालो, "अण्णा, जमलं. एकदाही तुटला नाही."

अक्का अजून बोलतच होती. अण्णांनी फोनवर हात ठेवला. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पुढं घे गाडी."