शिवकन्येचं उरलेलं अंतर

आमच्या तालुक्यात पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना प्रवासात सवलत आहे, आणि ती भाड्यात न देता अंतरात दिली जाते. भाडं कमी केलं तर परिवहन मंडळ तोट्यात जाईल असं ठरल्यावर सरकारने अंतर कमी केलं. ताडगाव ते शहर या वाटेच्या तीन वाट्यांतला एक वाटा पासधारकाने जायचा, उरलेले दोन वाटे सरकारने सोसायचे.

त्यामुळे एकाच गाडीत, एकाच बाकावर बसून पोरं आमच्या आधी पोहोचतात. मी कधी बाजाराला निघालो की माझी मुलगी शिवकन्या शेजारी असायची. ओढ्याचा पूल आला की ती ओढणी सावरून उठायची, येते अण्णा म्हणायची आणि कॉलेजसमोर उतरायची. मी खिडकीतून पाहावं तर बाहेर तूर. मला शहर यायला अजून बराच वेळ असे. पूर्ण तिकीट काढणाऱ्याने कुरकुर करू नये, म्हणून मी करत नसे.

घोर लावून घेण्याचा मात्र माझा स्वभावच आहे. गावात माझं किराणा दुकान आहे, पण गाडीच्या वेळेला दुकान उघडं टाकून मी थांब्यावर हजर. गाडी पुरती थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा, शिवकन्येची जागा धरायची, ती बसली की रुमाल परत घ्यायचा. ज्याचा रुमाल त्याची जागा, यावर आमच्याकडे सरपंचसुद्धा वाद घालत नाही.

सरकारच्या वाट्याचं अंतर सरकार येऊन नेईपर्यंत आगारात ठेवलं जाई. सुरुवातीला ते नेलंही जाई. मग अनुदान रखडलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे आगाराला ठाऊक होतंच, पण अंतर साचत गेलं. कॅन्टीनमधून निघालेला चहा आगारप्रमुखांच्या टेबलावर पोहोचेपर्यंत पार निवू लागला. एक मेकॅनिक आवारातल्या नळावर हात धुवायला गेला तो दुसऱ्या दिवशी परतला. तेव्हा वरून आदेश आला, की साचलेलं अंतर ज्याचं त्याच्याकडून वसूल करावं.

आदेश लागू झाला त्या दिवशी शिवकन्येचा रसायनशास्त्राचा शेवटचा पेपर होता. मला रात्रभर झोप नव्हती, म्हणून मीही तिच्यासोबत गाडीत चढलो. नेहमीसारखा रुमाल टाकून जागा धरली होती, आणि मी सोबतच असल्यामुळे तो तिथेच बाकावर राहिला.

वाघमोडे कंडक्टर भला माणूस. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले की शिवकन्येला आज उतरता येणार नाही. आजवरचं उरलेलं सगळं अंतर तिने याच जागेवर बसून कापायचं आहे, आणि ते संपेपर्यंत गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. किती आहे, असं तिने विचारलं. लग्नाचं वय निघून जाईल इतकं नाही, पण पेपर निघून जाईल, असं ते म्हणाले.

शिवकन्येच्या हातातलं हॉल तिकीट घामाने मऊ पडलं होतं. तीन वर्षं पोरीने कंदिलासारखे डोळे जाळले होते, आणि पूल तर समोर दिसायला लागला होता. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी वाघमोडेंना विचारलं, की वसुली माणसावर आहे की जागेवर. त्यांनी जरा विचार केला. बसून कापायचं अंतर आहे, म्हणजे ते जागेवरच धरावं लागेल, असं त्यांचं मत पडलं. मग जागा कोणाची ते बघा, मी म्हणालो.

वाघमोडेंनी बाकावरचा रुमाल उचलला. पुढचे लोक मागे वळून बघू लागले.

"हा रुमाल कुणाचा?"

"माझा," शिवकन्या म्हणाली.

वाघमोडेंनी रुमालाचा वास घेतला. "याला हिंगाचा वास येतोय, बाळ."

"माझा आहे तो," मी म्हणालो. "रोज माझाच होता. सगळ्या गावानं बघितलंय."

गावातल्या लोकांनी माना डोलावल्या. वाघमोडेंनी रुमालाची नीट घडी करून माझ्या हातात दिली. "मग रोजची जागाही तुमचीच झाली, काका. आता तुम्हाला उतरता येणार नाही."

"अण्णा, पेपर जाऊ द्या," शिवकन्या म्हणाली.

"पूल आला. ऊठ."

ती उठली आणि मी तिच्या जागेवर सरकलो. ती उतरली तेव्हा मला बाहेर तूरच दिसली, कॉलेज काही दिसलं नाही. पेपर चांगला गेला हे संध्याकाळी परतीच्या फेरीत तिनेच सांगितलं.

तेव्हापासून मी गाडीत आहे. गाडी मुक्कामाला ताडगावातच असते, त्यामुळे माझ्या घराचं दार समोर दिसतं. शिवकन्येची आई खिडकीतून डबा देते आणि दुकान माझ्यापेक्षा तिच्या हाताखाली बरं चालतं हे रोज न चुकता ऐकवते.

शिवकन्येला शहरातल्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. शनिवारी ती याच गाडीने घरी येते. सवलत अजून चालू आहे आणि तिची वसुली एकदा माझ्यावर आली ती आलीच, त्यामुळे तिच्या प्रत्येक खेपेचे दोन वाटे माझ्या नावावर चढतात आणि माझं अंतर काही केल्या कमी होत नाही. हे कळल्यावर तिने येणं बंद करायचं ठरवलं होतं. मी तिला ये म्हणालो. ती शेजारी बसते, भराभर बोलते, आणि बोलणं अर्ध्यावर असतानाच तिचं ताडगाव येतं. मग मी एकटाच पुढची तूर बघत बसतो. फार ओकंओकं वाटतं.

येत्या चैत्रात तिला पंचवीस पूर्ण होतील. मग सवलत बंद, आणि तिला गावापर्यंतचं अख्खं अंतर माझ्या शेजारी बसावं लागेल. पण शनिवारी गाडीला गर्दी असते. नेमकी तेव्हा जागा मिळते की नाही, याचा मला आतापासून घोर लागला आहे, म्हणून शेजारच्या जागेवर मी रुमाल टाकून ठेवला आहे.

वाघमोडेंनी मला समजावून सांगितलं, की त्या जागेचं अंतरही माझ्याच नावावर चढेल.

"चढू द्या," मी म्हणालो.